लॉकीची तारीख

सन्माननीय अध्यक्ष थेरेसा बूदरो, व्यासपीठावरचे आदरणीय फादर रॅनाल्ड, कर्लिंग क्लबचे पदाधिकारी आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी मंडळींनो,

आपले लॉकी मॅकफी क्लबच्या बर्फाच्या कामातून आज निवृत्त होत आहेत. त्यांनी घातलेल्या बर्फावरून आपल्या कर्लिंगच्या खेळातला जड दगड कसा सुळकन जायचा, यावर मी चार शब्द लिहून आणले होते. ते आता बाजूला ठेवते. कारण मघाशी मागच्या स्वयंपाकघरात ओटकेक ताटात मांडताना लॉकीची बायको मर्डीना मला जे बोलून गेली, त्यानं माझं डोकं सुन्न झालंय.

आपल्याकडे ऑपरेशनला पैसे पडत नाहीत, सरकार भरतं. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. फक्त रांगेत नंबर लावून वाट बघावी लागते. माझ्या खुब्याच्या ऑपरेशनचं रडगाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पक्षाघातानंतर ॲलेकला, माझ्या नवऱ्याला, उठवायला-बसवायला मी एकटी. माझाच पाय उचलेना, तेव्हा त्याला दूर हॅलिफॅक्सच्या वृद्धाश्रमात हलवायचं ठरलंसुद्धा होतं. आणि गेल्या हिवाळ्यात, त्या वादळाच्या सकाळी, हॉस्पिटलातून फोन आला. कुणीतरी आयत्या वेळी ऑपरेशन रद्द केलंय, घाटापलीकडचे रस्ते बंद आहेत, तुम्ही येऊ शकाल का? माझ्या तपासण्या झालेल्या होत्या, बॅग भरून दाराशी होती. घाटाच्या अलीकडे वाट बघणारी मी एकटीच, असं मला वाटत होतं.

मला नेलं कुणी? या लॉकीनंच! फावडं ट्रकमध्ये टाकून दारात हजर. वाटेत मी म्हटलं, "कोण बिचारा रद्द करून बसला रे?" तर म्हणतो, "असेल कुणीतरी भित्रा. तू पट्टा लाव."

मंडळी, तो भित्रा गाडी चालवत होता! ती तारीख लॉकीची होती, त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची!

मर्डीना म्हणाली, "अगं, मला वाटलं तुला माहितीये." मला कुठून माहीत असणार? हॉस्पिटलला यानं सबब सांगितली, सीझन चालू आहे, बर्फ कोण घालणार? आणि त्याच बर्फावर आता याला गुडघा टेकवत नाही म्हणून आपण त्याला निरोप देतोय. याचा नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी. हे कळल्यावर मी इथं उभी राहून काय बोलू?

लॉकी, हसू नकोस. मला राग आलाय तुझा. विचारायचंस तरी! मी नाही म्हटलं असतं. म्हटलं असतं का? देव जाणे. ॲलेक इथं पहिल्या रांगेत केक खातोय, हॅलिफॅक्सला नाही. आणि खुबा काही परत करता येत नाही.

असो. अध्यक्षांचे, चहा करणाऱ्या बायकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. ठरलेलं सोडून भलतंच बोलले, आवाजही चढला, तेवढं सांभाळून घ्या.

आता क्लबतर्फे हा स्वेटर. थेरेसा, त्याला वर नको बोलावूस. लॉकी, तू बसून राहा. मी खाली येते. मला पायऱ्या उतरता येतात.