बाईंचं शून्य आणि माझा अर्ज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य माननीय मार्तंडजी, आपल्या इथल्या मराठी मंडळाचे ज्येष्ठ हरिभाऊ, ज्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण सीपरी बाज़ारच्या या सभागृहात जमलो त्या आदरणीय कांचनबाई, आणि बंधुभगिनींनो,

मी सुमेध. सत्तावीस वर्षं मालगाडीवर गार्ड होतो. निघताना लेक प्रिया म्हणाली, "बाबा, भाषण छोटा रखना." प्रयत्न करतो, पण मालगाडी वेळेवर पोहोचल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

पाच वर्षांपूर्वी रेल्वेच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि मला गाडीवरून उतरवून फायलींच्या खोलीत बसवलं. कायद्याची पदवी मिळाली तर विधी शाखेत घेऊ, असं साहेब म्हणाले. म्हणून या वयात कॉलेज धरलं. बाकी विषय निघाले. कांचनबाई शिकवायच्या तो आंतरराष्ट्रीय कायदा मात्र मानगुटीवर बसला.

पहिल्याच चाचणीत प्रश्न होता: करारावर नुसती सही केली की देश बांधला जातो का? यात विचारायचं काय? पुढे रूळ कच्चे असले की स्टेशनमास्तर गाडी हळू न्यायचा लेखी हुकूम देतो. त्यावर सही केली की संपलं; मग 'घरी विचारून सांगतो' चालत नाही. मी तसंच दीड पान लिहिलं. बाईंनी शून्य दिलं.

मला भयंकर राग आला. बाई नोकरदारांना मुद्दाम नापास करतात, असा लेखी अर्ज मी प्राचार्यांना दिला. पुढे विद्यापीठाच्या परीक्षेत त्याच विषयात दोनदा आपटलो. तिथे तर पेपर तपासायला बाई नव्हत्या! आता शेवटची खेप उरली होती.

तेव्हा बाईंनीच निरोप धाडला, रविवारी सिविल लाइंसला घरी या. चहा पुढे ठेवून म्हणाल्या, "सुमेधजी, सही म्हणजे बहुतेक वेळा साखरपुडा. देशानं मागाहून मंजुरी कळवली की मग लग्न. पण साखरपुडा झाल्यावर लग्नच मोडेल असं वागायचं नाही, एवढं बंधन येतंच."

हे तीन वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं. सोळा रविवार गेलो. दर रविवारी एकच धास्ती, यांना तो अर्ज कळला तर?

गेल्या गुरुवारी निकाल लागला. पास झालो! माझी बायको इंदू रडली. मी अर्धा तास नुसता बसून राहिलो, इतकं हलकं वाटत होतं. मग पेढे घेऊन बाईंकडे गेलो आणि अर्जाचं सांगून टाकलं. बाई हसल्या. "तो तर तेव्हाच माझ्याकडे खुलाशाला आला होता. खुलासा दिला. पण तुम्हाला प्रश्न कळला नव्हता, ते तसंच राहिलं होतं."

म्हणजे सोळाही रविवार त्यांना ठाऊक होतं, आणि तरी चहा पुढे येत होता.

अध्यक्षमहाराज, अर्ज लेखी होता म्हणून हेही लेखी आणलंय. तो मी मागे घेतो. त्यात लिहिलेलं खोटं होतं.

मला बोलू दिल्याबद्दल मंडळाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर आपण ते पोटात घालावं. बाई, तुम्ही मात्र पुष्कळ घातलंत. आज मला चारचौघांत रागवा.