देव्हाऱ्यातलं पाचवं मेडल

...आणि वर आमची बायको, ज्योती, काय म्हणते, "गेलात मेडल आणायला आणि टोपी घालवून आलात!" घालवून? अहो, तुम्हीच सांगा, देवापुढे राहिलेली वस्तू घालवली म्हणतात का?

तुम्हाला सांगतो, माझं नगरात घड्याळदुरुस्तीचं दुकान. पण वीस वर्षं जीव अडकलाय तो एकाच माणसात. बेलापूरचे वैमानिक कल्याणराव! गावात धड सायकली नव्हत्या तेव्हा हा गडी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशावर विमान घेऊन गेला होता! पाच मेडलं मिळवली त्यांनी. चार मी मिळवली, कुठं मोडीतून, कुठं लिलावातून. मखमलीच्या पेटीत पाचव्याची जागा मात्र रिकामी. नुसता गोल खळगा! रोज सकाळी त्यात बोट फिरवायचो... माणूस गेला उडून, वस्तू तेवढ्या जमिनीवर.

आणि विमानात घालायची त्यांची ती चामड्याची टोपी, तीही एका लिलावातच मिळालेली! दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ती कानांवर ओढून गच्चीत उभा राहायचो. आत घूंऽऽ आवाज... डोळे मिटले की खाली प्रवरा चकाकतेय, उसाचे हिरवे चौकोन मागं सरकतायत, ढग गालाला लागून जातोय... ओला, गार... आणि मग खालून ज्योती, "अहो, दूध उतू गेलं!" तसा मी जन्मात विमानात बसलेलो नाही. मला एस्टीतसुद्धा घाटात लागतं!

तर कळलं, की कल्याणरावांची एकुलती लेक, बायडाबाई, बेलापुरातच आहे आणि पाचवं मेडल तिच्याकडे आहे. गेलो! ओळख पटावी म्हणून टोपी पिशवीत घेतली. तिथंच चुकलं.

म्हातारी ऐंशी पार. म्हणाली, "मेडल? न्हाई बाबा. आबांनी लढाईवरनं देवी आनली हुती, ती हाय." आणि देव्हारा दाखवला. खंडोबाचा टाक, भैरोबाचा टाक, आणि शेजारी तांदळावर, हळदकुंकवानं माखलेलं... माझं मेडल!

"ह्यो बघ सिंह. पायाखाली राक्षस तुडिवलाय. देवी न्हाई तर कोन हाय?"

आता काय सांगू? सिंह होता, राक्षसही होता! पण मागच्या बाजूला इंग्रजांचा राजा आहे हो, मुकुटासकट! ऐंशी वर्षं तांदळात तोंड खुपसून पडलाय! मी हात पुढे केला तर म्हातारी कडाडली, "उलटायची न्हाई देवी!" दर दसऱ्याला चिंच लावून घासतात म्हणे. मेडल घासायचं नसतं हो, आम्हा संग्राहकांत ते पाप! राक्षसाला दोन डोकी होती, एक झिजून गेलंय.

म्हटलं, "आजी, चांदीचा नवा टाक घडवून देतो, हे मला द्या." तर म्हणते, "देव बदलून मिळतोय व्हय रं?"

मग शेवटचा उपाय म्हणून टोपी काढली. म्हातारीनं ती दोन्ही हातांनी घेतली, नाकाला लावली. म्हणाली, "आबांचं तोंड आता आठवत न्हाई रं. पर ह्यो वास त्यांचाच हाय." आणि टोपीला कुंकू लावून ठेवली की देव्हाऱ्यात! मी माझी टोपी मागायला तोंड उघडलं, आणि घशातून आलं काय? "प्रसाद द्या." गूळ-खोबरं खात एस्टीत बसलो. डोळ्यांत पाणी होतं, ते घाटामुळं नव्हतं. वाटेत घाट नाहीच! माणूस गेला उडून, वस्तू तेवढ्या जमिनीवर...

पण महिनाभर झोप नाही हो. पाचही एकत्र यायला हवीत, हे वीस वर्षांचं स्वप्न. आणि ती पाचवी, देवी झालेली, काही हलत नाही. मग काय करणार? दसऱ्याला उरलेली चार रुमालात बांधली आणि गेलो बेलापूरला. म्हातारीनं एकेकाला चिंच लावली. मी डोळे मिटून घेतले, पण ताम्हण मीच धरलं होतं. मग पाचही एका ओळीत, टोपीच्या पायाशी... काय दिसत होती म्हणून सांगू! क्षणभर खरंच कानात घूंऽऽ झालं. टोपी न घालता!

तर संग्रह पूर्ण झाला. माणूस गेला उडून, पाठोपाठ वस्तूही गेल्या... जमिनीवर राहिलो मी. आणि ती मखमलीची पेटी. पाच खळगे आहेत त्यात. ज्योती म्हणते, बांगड्या छान बसतात.