लाल बटणाची सिद्धता

— नाही नाही, बरोबर ठिकाणी आलात मॅडम, रुपेशची लॅब हीच. म्हणजे पाटीवर नाव माझं आहे, नवनाथ, ते बघा वर, पुसट झालंय जरा — पण तुम्ही गेटवर काय विचारलंत? रुपेश सरांची लॅब. बघा! पळसदरीच्या रिक्षावाल्याला विचारा, तोही तेच सांगेल. बसा ना, उभ्या का? तो येतोय, कळंबहून निघालाय, बाइकची चेन पडली म्हणून फोन आला होता मघाशी. मला असा उशीर झाला असता ना, तर प्रिन्सिपॉलनी केबिनमध्ये उभं केलं असतं मला. आणि रुपेशची चेन पडली तर काय? ‘अरेरे, हात काळे झाले असतील बिचाऱ्याचे.’ जाऊ द्या. चहा घेणार? बिनसाखरेचा? अहो, आमच्या कॅन्टीनला दोनच चहा येतात, गोड आणि फार गोड.

तुम्ही हर्षला मॅडम ना, रसायनीच्या कारखान्यातून? सेफ्टीचा रिपोर्ट न्यायला. ओळखलं मी, रुपेश म्हणाला होता, मॅडम येतील त्यांना बसवा — बसवा म्हणे! मी त्याचा सर, आणि मला सांगतो पाहुण्यांना बसवा. पण सांगतो अशा गोड आवाजात की राग धरायला जागाच ठेवत नाही मेला. हा त्याचा सगळ्यात मोठा दुर्गुण आहे, लिहून घ्या. माणसाला नीट चिडूसुद्धा देत नाही.

आम्ही इथं नेमकं काय करतो? — चला, कुणीतरी विचारलं. सांगतो. तुमच्याकडं नवीन मशीन आलं की तुम्ही काय करता, चालवून बघता. बटण दाबलं, चाललं. पुन्हा दाबलं, चाललं. म्हणजे बरं आहे असं समजायचं. आम्ही तसं करत नाही. आम्ही मशीन गणितात उतरवतो — ते कुठल्या कुठल्या अवस्थेत असू शकतं, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत कधी जातं, काय झालं की जातं, सगळं लिहायचं, एकही वाट सोडायची नाही. त्याला मॉडेल म्हणतात. मग संगणकाला सांगायचं, बाबा रे, या सगळ्या वाटा तू चालून ये आणि सांग, कुठं घात आहे का. तो सगळ्या चालतो, कंटाळत नाही. एखादी वाट वाईट निघाली तर ती पायरी-पायरीनं दाखवतो, आणि नाही निघाली तर हिरवी खूण. ती आली की विषय संपला, शाळेतल्या भूमितीसारखं सिद्ध झालं. फॉर्मल मेथड्स म्हणतात याला. आणि हे इकडं आणलं कोणी, कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात? विचारा ना. मी आणलं! पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलो होतो. लोक हसायचे, म्हणायचे, गणितानं मशीन सुधारतं होय? पहिल्या बॅचला वर्ग भरून पोरं होती, दिवाळीनंतर सगळी गळाली, एक रुपेश तेवढा राहिला. त्याला पहिली अवस्था मी काढून दाखवली, या फळ्यावर, या हातानं.

आणि आता? आता परदेशात परिषदेला कोण जातं? रुपेश जातो. पेपरात फोटो कोणाचा? रुपेशचा. तो फोटो आमच्या घरी फ्रिजवर लावलाय, माहितीय? आमच्या संजनानं, माझ्या बायकोनं. म्हटलं, हा कशाला घरात? तर म्हणते, अहो, कडेला तुमचं कोपर आलंय ना. कोपर! फोटोग्राफर म्हणाला होता, सर तुम्ही जरा सरका, आणि मी सरकलो, मीच सरकलो. रोज सकाळी दूध काढायला फ्रिज उघडतो आणि माझं कोपर बघतो मी. वर आई म्हणते, रुपेशला जेवायला बोलव रे, पोर बारीक झालंय. मी बारीक झालो ते कुणाला दिसत नाही.

बरं, एक सांगा, माझी भाषा कशी वाटते तुम्हाला? नाही, सांगा ना. स्वच्छ आहे ना? आम्ही खालापूरचे, घरात हाय-नाय चालतं, पण मी पुण्यात गेल्यावर घासून घासून घालवलं ते सगळं, चुकून ‘आमी’ निघालं तर जीभ चावायचो. आणि हा! हा तिकडं गोऱ्या लोकांपुढं उभा राहतो, इंग्रजीतसुद्धा कळंबचा हेल काढतो, मधेच ‘काय रं’ म्हणून हसतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. म्हणे किती साधा माणूस! मग मी काय, मी नव्हतो साधा? मला कुणी सांगितलंच नाय की साधं राहून चालतं म्हणून. — बघा, नाय आलं तोंडात. त्याचा विषय निघाला की असं होतं माझं.

हो, जळतो मी. म्हणा की, लाजता कशाला? तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. जळतो. पण उगाच नाही जळत — मला माहीत आहे तो काय आहे आणि काय नाही. त्याच्याकडं झेप आहे, मान्य. मला महिना लागतो ते तो दोन दिवसांत लिहितो, आणि असं लिहितो की वाचताना वाटतं, अरे, हे इतकं सोपं होतं? पण घाईचा आहे. हिरवी खूण दिसली की उडी मारतो. आणि हिरव्या खुणेवर असा विश्वास ठेवायचा नसतो मॅडम, हे मी पहिल्या दिवशी शिकवतो. कसं ते सांगू? समजा मी म्हटलं, आमच्या घरात जेवढे हत्ती आहेत ते सगळे शाकाहारी आहेत. खरं की खोटं? … बरोबर, हत्तीच नाहीत. म्हणजे खोटं ठरवायला एकही हत्ती सापडणार नाही, म्हणजे गणिताच्या हिशेबी ते खरं! तसंच असतं हे. तुम्ही संगणकाला विचारलं, बटण दाबल्यावर मशीन थांबतं का? आणि मॉडेलमध्ये बटण कधी दाबलंच जाऊ शकत नसेल — तर तो बिनदिक्कत हिरवी खूण देतो. खोटं नाही बोलत तो. म्हणून आधी विचारायचं असतं की बटण दाबलं जाऊ शकतं का, आणि मगच पुढचं. रुपेशला हे मीच शिकवलंय. आणि तरी विसरला.

… नाही, म्हणजे — सर्वसाधारण बोलतोय मी. पोरं विसरतात, असं. तुमच्या रिपोर्टचं नाही. तुमचा रिपोर्ट, तो… हिरवा आहे सगळा. घ्या ना चहा, साय धरली त्यावर.

आमची पद्धत अशी की लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा. आपली चूक आपल्याला दिसत नाही ना. तुमच्या रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे त्या रसायन शिजवायच्या बंद टाकीचं, रुपेशनं लिहिलं, आणि तपासलं… ते शेवटच्या पानावर आहे. उघडू नका आत्ता, तो आला की देईल समजावून. आणि तसंही, एखादी बारीकसारीक गोष्ट राहिली असली तरी तुमची पाण्यावरची चाचणी असतेच की. आधी नुसतं पाणी भरून चालवायचं, सगळी बटणं दाबून बघायची, सगळे साहेब गोल करून उभे, रुपेश मधे छाती काढून — आणि तिथं एखादं बटण नाही चाललं तर काय होणार आहे? पाणीच ते. हसतील लोक. विचारतील, काय हो, सिद्ध झालंय म्हणाला होतात ना? एवढंच. कुणाला ओरखडासुद्धा नाही. त्या दिवशी फोटोग्राफर असला तर बरं, असं आपलं मला वाटतं.

… काय म्हणालात?

रद्द? पाण्यावरची चाचणी रद्द? का पण? — गणितानं सिद्ध झालंय म्हणून? अहो मॅडम! हे कुणाच्या डोक्यातून निघालं? सिद्ध झालंय म्हणजे काय देवानं येऊन सांगितलंय का? सोमवारी सरळ माल भरणार? खरा माल? आणि जुनं, थेट तारेनं मशीन बंद करणारं लाल बटण? ते पण काढलं? … आणि तिथं कोण असणार? नाय, ऑपरेटर ते ठीक हाय, ते असतातच, पण — तुमी? तुमी स्वतः? मला वाटलं तुमी ऑफिसातल्या, रिपोर्ट न्यायचा, फायलीला लावायचा. तुमी पॅनेलसमोर उभ्या राहणार?

थांबा. बॅग उचलू नका, थांबा जरा. दार लोटतो.

नवं बटण चालत नाय मॅडम, पॅनेलवरचं, मशीन थांबवायचं. लाल बटण. आत काय पण होऊ दे, वाफ वाढू दे, तुमी दाबलंत तर काय बी होणार नाय. रुपेशनं एका ठिकाणी लिहिलं, बटणाचं ऐकायचं ते काम चालू असताना. बरोबर हाय. मग दुसऱ्या पानावर लिहिलं, झाकण उघडं असताना पण ऐकायचं. ते पण बरोबर. पण जोडताना दोन अटी एकाच वेळी मागितल्या त्यानं. आणि काम चालू असताना झाकण उघडतच नाय, मग त्या दोन अटी एकत्र येणार कधी? कधीच नाय. म्हणून मॉडेलमध्ये बटण दाबलंच जात नाय, आणि म्हणून हिरवी खूण. आणि त्याच मॉडेलवरून तुमच्या पॅनेलचा प्रोग्रॅम तयार होतो, तो तसाच बहिरा. मला कसं माहीत? मी विचारलं ना संगणकाला. तपासायला माझ्याकडंच आलं होतं. पहिला प्रश्न टाकला, बटण दाबलं जाऊ शकतं का, आणि उत्तर आलं, नाय. मी खुर्चीत मागं टेकलो आणि — खरं सांगू? — असं बरं वाटलं, असं बरं वाटलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं त्या दिवशी. त्याला फोन करायला हात गेला होता, नाय असं नाय. पण म्हटलं, कशाला? पाण्यावर निघेल. सगळ्यांसमोर निघेल. मग सही केली खाली. तपासले, नवनाथ.

बघू नका असं. तुमी नव्हत्या ना तेव्हा! तेव्हा पाणी होतं नुसतं, आणि रुपेश. कुणाचा जीव घ्यायला नव्हतो निघालो मी, मला फक्त त्याचं तोंड बघायचं होतं पडलेलं, एकदाच, जसं माझं रोज असतं. तुमाला मुलं हायत का? … नको, सांगू नका.

काय, फोन करताय? साहेबांना? करा. करायलाच हवा. सोमवार थांबवा, ते आधी. दुरुस्तीचं म्हणाल तर एका ओळीचं काम हाय, रुपेश उभ्या उभ्या करून देईल, परत सगळं तपासून देईल. त्याची भीती नाय मला. — नोकरी? जाऊ दे की नोकरी. ते पण नाय. मला भीती कशाची, सांगू? तो मला विचारणारच नाय की सर, तुमाला कधीपासून माहीत होतं. त्याला सुचणारच नाय तसलं, त्याच्या मनात ती जागाच नाय. तो माझे दोन्ही हात धरेल. म्हणेल, सर, तुमी वाचवलंत, तुमी नसता तर मी मेलो असतो. डोळ्यांत पाणी येईल त्याच्या, खरं पाणी. आणि मग कॉलेजभर सांगत सुटेल, कळंबपासून रसायनीपर्यंत, माझ्या घरी येऊन आईला सांगेल, सरांनी पकडलं, सरांची नजर बघा. आणि मी ते ऐकत बसायचं? जन्मभर? हात जोडतो मॅडम, तुमी सांगा त्याला. माझं नाव घेऊन सांगा — याला ठाऊक होतं, यानं दाबून ठेवलं, तुझं हसं व्हावं म्हणून. शिव्या देऊ दे मला. एकदा तरी देऊ दे. मी सांगायला गेलो तर तो ऐकणार नाय, म्हणेल, सर थट्टा करतात.

… आला वाटतं. जिन्यावर त्याचाच पाय.

ये रे, ये. नाय, काय नाय झालं, बसलोय गप्पा मारत. बस तू. मॅडमना तुला एक सांगायचंय, नीट ऐकून घे, मधे बोलू नको. हं, सांगा मॅडम.

सांगा ना.