ओटा कोणाच्या मापाचा?

...आणि वर मलाच म्हणतात, मी डोकावते! मी! अहो, समोरच्या शेडमध्ये दिवसभर करवत चालते, हातोडे पडतात, मधेच काहीतरी फुस्स करून हवा सुटते, आणि माणसाने खिडकीचा पडदा जरासुद्धा बाजूला करायचा नाही? तुम्हाला सांगते, पडदा मी धुवायला काढला होता. आता तो वाळायला महिना लागला त्याला मी काय करू? मला काय करायचंय हो कोणाच्या घरात! मी आपली गप्प.

तर आमच्या समोर राहतात ते ओटेवाले. नाव वेगळं आहे त्यांचं, पण सगळी गल्ली ओटेवालेच म्हणते, कारण उभा जन्म ह्या माणसाने लोकांच्या घरी स्वयंपाकाचे ओटे बसवले. ओटे, कपाटं, ट्रॉल्या, खणात खण... अर्ध्या गावाच्या चमच्यांना ह्यांनी घर दिलं म्हणा ना! आणि स्वतःच्या घरी? वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, ओट्याखालच्या खणाला मूठच नाही! सुतळीची गाठ मारून ओढतात बिचाऱ्या. "उद्या बसवतो" म्हणाले होते. लेक तेव्हा शाळेत होती. आता लेकीला लेक झाली.

गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी काम थांबवलं, आणि एके सकाळी बघते तर काय, दारात हे एवढं थोरलं धूड! गाडी हो, गाडी! जुनी, पण फोर व्हील ड्राइव्ह. चारही चाकांना जोर. चिखल असो वाळू असो, एक रुतलं तर बाकीची तीन खेचून काढतात म्हणे. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "आपल्या घरात उलटं आहे, तिघं रुततात आणि एकटी मी खेचते!" ह्यांनी पेपरातून वरसुद्धा बघितलं नाही.

मी आपली वाटी परत द्यायला गेले. वाटी त्यांची नव्हती, पण काहीतरी निमित्त लागतं ना!

"काय भाऊ, ही नवी पाहुणी कोण?"

"ताई," भाऊंनी आवाज असा खाली आणला, जसे काही बँक फोडायलाच निघालेत, "हिच्यातून बायकोला न्यायचंय. जिथे रस्ता संपतो ना, त्याच्याही पुढे! दाराला बेल नाही, फोनला रेंज नाही, 'भाऊ, तुमची ट्रॉली अडकतेय हो' म्हणणारं गिऱ्हाईक नाही. लग्न झाल्यापासून सांगतोय तिला, जाऊ, जाऊ... दरवेळी कोणाचा तरी ओटा आडवा आला."

एवढं बोलून गृहस्थ सरकले गाडीखाली, आणि तेवढ्यात वहिनी आल्या बाहेर, ओले हात पदराला पुसत. म्हणाल्या, "ताई, मला डोंगर नको, नदी नको. मला फक्त एक सकाळ हवीय, जिथे उठल्या उठल्या कोणी विचारणार नाही, आज जेवायला काय करतेस? तेवढी मिळणार असेल तर मी येते. नाहीतर ते जाणोत आणि त्यांची गाडी जाणो."

ऐकलंत ना? नीट ऐकलंत ना? मीही ऐकलं. भाऊंनी मात्र नाही ऐकलं! त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि खालून ठाण ठाण ठाण... मी सांगणार होते हो. पण म्हटलं, नवरा-बायकोतली गोष्ट, मला काय करायचंय! मी आपली गप्प. आता तुम्हीच बघा, उभ्या जन्मात मी एकदाच खरोखर गप्प बसले आणि नेमकं तेच नडलं!

मग जे काय सुरू झालं म्हणता! टायर आले, माझ्या कमरेएवढे. गाडी उचलून उंच केली, खाली दगड लागू नये म्हणून. बॉनेटच्या बाजूने एक नळकांडं छपरापर्यंत गेलं. मला वाटलं धुराडं. "धुराडं नाही ताई, नाक आहे! ओढ्यातनं जाताना पाणी वर चढलं तरी इंजिन वरून श्वास घेतं." माणसाला नाही हो अशी सोय! मग पुढे लोखंडी दोराचं गुंडाळं, झाडाला बांधून गाडीने स्वतःलाच ओढून घ्यायचं म्हणे. चाकांतली हवा वाळूत कमी करायची आणि पुन्हा भरायची, म्हणून हवेचा पंप. फुस्स व्हायचं ते हेच! मग एक वायरमन आला, सगळं नाकातून बोलणारा: "साहेब, दोन बॅटऱ्या ठेवतो, एक गाडीची, एक तुमची. फ्रिज रात्रभर चालू दे, दिवे चालू दे, सकाळी गाडी सुरू झाली नाही तर मला फोन करा!" मी म्हटलं, "अरे, तिथे रेंज नसणार ना!" तो वायर हातात धरून उभाच राहिला. भाऊ पण उभेच राहिले. मग दोघं माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही रेंज मीच घालवली!

आणि टपावर काय, तर तंबू! दोर ओढला की फुलासारखा उघडतो, शिडी लावून वर चढायचं, आत गादी. मी नुसतं चढून बघितलं, वारा कसा लागतो ते. छान लागतो. उतरायचं कसं ते कोणी सांगितलं नव्हतं. अर्धी गल्ली जमली हो! शेवटी आमचे हे शिडी धरायला आले. एका हातात शिडी आणि दुसऱ्या हातात पेपर.

असं सगळं चाललेलं असताना एक दिवस भाऊंनी मला शेडमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, "ताई, इथे उभ्या राहा. चप्पल काढा. हात कोपरात मोडा." आणि कानावरची पेन्सिल काढून, टेप लावून माझं माप घ्यायला लागले! मी म्हटलं, "भाऊ, झालं काय तुम्हाला?"

"आमच्या हिची आणि तुमची उंची अगदी एक आहे. हिला कळू द्यायचं नाहीये. ओटा करतोय, गाडीच्या मागे, सरकवून बाहेर येणारा! शेगडी, पाण्याचा नळ, खण, सगळं! ओटा उंच झाला तर खांदे जातात ताई, बुटका झाला तर कंबर. कोपराच्या खाली चार बोटं, तिथे ओटा. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या दारात पाऊल टाकलं की माझा पहिला प्रश्न एकच. इथे उभं कोण राहणार? ज्याने उभं राहायचं, माप त्याचं." मग टेप सर्रकन गुंडाळला आणि म्हणाले, "घरातला ओटा तयारच मिळाला होता हो. हिच्या मापाचा ओटा हिला मी कधी दिलाच नाही."

आता सांगा! असं बोलल्यावर कोणाची जीभ रेटेल? मला सगळं दिसत होतं हो, भाऊंचा ओटा इकडून येतोय आणि वहिनींची सकाळ तिकडून येतेय, आणि दोन्ही एकाच वळणावर! पण भाऊंचा चेहरा असा फुललेला... मला काय करायचंय! मी गप्प.

ओटा मात्र काय झाला म्हणून सांगू! खण तर असे की बोट लावलं की हळूऽऽच उघडावेत आणि हळूऽऽच मिटावेत. वहिनी बाजारात गेल्या तसं मला पुढे बसवलं, आणि पाण्याच्या टाकीमागच्या चढावर गाडी घातली. गाडी चढतेय, आकाश दिसतंय, मी देवाचं नाव घेतेय आणि मागे धाड! धाड! धाड! सगळे खण सुटून मागच्या दारावर! वर पोचलो. भाऊ उतरले, मी ओरडतेय "भाऊ, दार उघडू नका!" पण गडी ऐकतोय कुठे? उघडलं! झालं! चमचे, काटे, डबे, झारा, सगळं टेकडीवरून टणाटण खाली! एक पातेलं तर असं गडगडत गेलं, जसं काही त्याला घरीच जायचं होतं.

भाऊ दगडावर बसले. म्हणाले, "ताई, घरातला खण उघडायला सोपा लागतो. गाडीतला अवघड लागतो. हे मला ह्या वयात कळतंय." मग बसवल्या प्रत्येक खणाला खिट्ट्या, आणि एकेका खणाला पितळेची मूठ. अशी चकचकीत, की तोंड बघून घ्यावं!

आणि तो दिवस आला. सकाळची वेळ, शेडचं दार सताड उघडं, वहिनींना डोळे मिटायला लावून आणलेलं. मी तिथे होतेच, वाटी घेऊन. भाऊंनी मागचं दार वर उचललं, ओटा सरकन बाहेर ओढला, शेगडी पेटवून दाखवली, नळ सोडून दाखवला. "उघड डोळे!"

वहिनींनी डोळे उघडले. पुढे झाल्या. ओट्यावर हात ठेवला. अगदी बेतशीर! कोपराखाली चार बोटं! पितळेच्या मुठीवरून बोट फिरवलं... आणि हळूच म्हणाल्या, "अहो, हा माझ्या मापाचा आहे."

"मग!" भाऊंची छाती ही एवढी. "ज्याने उभं राहायचं, माप त्याचं!"

"म्हणजे तिथेही मीच उभं राहायचं?"

बस्स. एवढंच. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. वळल्या आणि घरात गेल्या. आतून आवाज आला, सुतळीने खण ओढल्याचा. खर्रर्र.

भाऊ मागच्या बंपरवर मटकन बसले. शेगडी तशीच जळतेय. मीच बंद केली. "ताई, काय चुकलं माझं?" आता मात्र मला राहवेना. सांगितलं सगळं, ती सकाळ, तो प्रश्न, आज काय करतेस. म्हणाले, "मग आधी का नाही बोललात? एरवी तर..."

"एरवी तर काय?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पुन्हा करवत. गेले तर भाऊंनी स्वतःच्याच कोपराला टेप लावलेला, आणि एका हाताने टेप धरून स्वतःचं माप काही वाचता येईना. मी वाचून दाखवलं. आता हा माणूस म्हणजे दाराची चौकट वाकून ओलांडणारा! ओटा केवढा उंचावला असेल! आत मावेना, मागचं दार मिटेना, फ्रिज इकडचा तिकडे, पाण्याची टाकी तिकडची इकडे. शेवटी घडीचे पाय लावून ओटा गाडीच्या बाहेर उभा केला. आणि मग शिकवणी! माझी! भर गल्लीत! "ताई, पाणी उकळलं हे ओळखायचं कसं?" अहो, गावभर शेगड्या बसवल्या ह्या माणसाने! पहिला चहा मी झाडाला घातला. झाड अजून हिरमुसलेलंच आहे. भाऊ अंडी उकडायला ठेवून विसरले, ती फुटून उडाली ती थेट टपावरच्या तंबूला. पण गडी हटला नाही. शेवटी शेवटी बटाट्याची भाजी अशी केली, की मी दुसऱ्यांदा मागून घेतली. शिकवणीचा भाग म्हणून हो.

वहिनी? वहिनी खिडकीतून बघायच्या नाहीत. त्यांचा पडदा वाळलेला होता.

मग परवाची गोष्ट. सकाळी वहिनींनी सवयीने सुतळी धरायला हात घातला, तर सुतळीच नाही! पितळेची मूठ! घरच्या खणाला! गाडीतली काढून भाऊंनी गुपचूप इथे बसवली होती. आणि गाडीतल्या खणाला सुतळी! हे मला वहिनींनीच सांगितलं. मला काय करायचंय म्हणून मी विचारलं नव्हतं, नुसती त्यांच्या ओट्याशी उभी होते.

त्या तशाच बाहेर आल्या. गाडीपाशी गेल्या. ओट्याला टेकून बघितलं, तर तो छातीपर्यंत. "अहो, हा तर मला लागतोय."

"लागणारच," भाऊ चहा गाळत म्हणाले. "तुझ्या मापाचा नाहीच तो. जास्त जवळ येऊ नकोस, सांडेल."

वहिनींनी पदर तोंडाला लावला, आणि तुम्हाला सांगते, अशा हसल्या, अशा हसल्या की समोरच्या झाडावरची पाखरं उडाली! "थांबा," म्हणाल्या, "पिशवी भरते." आणि तासाभरात गेलेसुद्धा! किल्ली माझ्या हातात, "ताई, झाडांना पाणी घाला, चहा नको!" धूड वळणावर दिसेनासं झालं. मी रस्त्यातच टाळ्या वाजवत होते, एकटी!

तशीच धावत घरी आले. ह्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एका दमात. म्हटलं, "उठा! बघा जरा, माणसं कशी असतात! या इकडे ओट्याशी!" आणि तुम्हाला खोटं वाटेल, आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला! उठले! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! ओट्याशी जाऊन उभे राहिले. हात कोपरात मोडला. चार बोटं लावून बघितली, पुन्हा लावून बघितली. मान हलवली.

"बुटका आहे गं. माझ्या मापाचा नाही. कंबर जाईल माझी. समोरचे आले की माप घ्यायला बोलाव त्यांना."

आणि पेपर उघडला.

आता समोरचे कधी येणार? फोन करावा, तर तिथे रेंज नाही. मी पातेलं घेतलं, शेगडी पेटवली... करते बापडी मीच चहा. करणार काय? वहिनींच्या उंचीची मी. ओटा माझ्याच मापाचा निघाला!