मालकाशेजारचं मत

मेच्या पहिल्या रविवारी स्वित्झर्लंडमधल्या आमच्या ग्लारुसच्या चौकात आम्ही सगळे मतदार दाटीने उभे होतो. आमच्याकडे मत द्यायचं ते रंगीत कार्ड वर धरून, सगळ्यांदेखत. विषय होता वरच्या गावाची बस बंद करण्याचा. माझ्या मागे लाकूडगिरणीचे मालक फ्रिडोलिन होते आणि त्यांच्याकडे कामाला असलेली रेगुला.

"मालक, तुम्ही शेजारी असताना मी मत कसं देऊ?"

"हात वर करून. आजोबांपासून असंच चाललंय."

"तुमच्या आजोबांना कामावरून कोण काढणार होतं?"

"अगं, मी काढीन असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. पण विचार मनात आला ना? पेटीत मत टाकताना आला नसता."

"पेटीआड कुणीही शूर होतो. इथं माणूस मतामागे उभा राहतो."

"ज्याला परवडतं तो."

"पण ती बस रिकामी धावते, रेगुला."

"रिकामी कशी? साडेसहाला मी असते की तिच्यात!"

व्यासपीठावरून आवाज आला, "बस चालू ठेवावी म्हणणाऱ्यांनी कार्ड वर करा."

"थांब, मी डोळे मिटतो. दे बिनधास्त."

"उघडा डोळे, मालक. वर केलंय मी. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आत्ताच बघून घ्या."