खाटेखालचं बियाणं

(दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या आहेत. धाकटी शहरात घरकामाला असते. दुष्काळानंतर पहिल्यांदाच आली आहे.)

धाकटी: म्हणजे बाबा रस्त्याच्या कामावरच गेले? मला कुणी कळवलंसुद्धा नाही, ताई.

थोरली: कळवणार कोण? टपाल आणणाराच राहिला नव्हता. बाबा खडी फोडायला जायचे. पोटात काही नाही आणि हातात घण. एका सकाळी जरा टेकले, ते उठलेच नाहीत. तो रस्ताही अर्धवटच पडलाय.

धाकटी: मी गेले तेव्हा तर नुसती बटाट्याची पानं काळी पडली होती.

थोरली: तू गेलीस आणि आम्ही खणायला घेतलं. वरून धड दिसणारा बटाटा हातात घ्यावा, तर नुसता लिबलिबीत. वास असा, की गुरंही फिरकेनात. पुढच्या वर्षी पुन्हा करपा. तेव्हा मात्र लोकांचा धीर सुटला. निम्मी आळी दारांना कड्या लावून निघून गेली. राहिलेल्यांतले कितीतरी तापानं गेले.

धाकटी: आणि आई?

थोरली: आईनं थोडे चांगले बटाटे निवडून ठेवले होते, बियाण्याला. खाटेखाली, राखेत. मला दम द्यायची, 'हात लावलास तर हात मोडीन.' आपल्या आईनं कधी साधी टपली तरी मारली होती का गं?

धाकटी: छे.

थोरली: एकदा शेजारची काकू आली. कडेवर तिची छोटी. म्हणाली, 'वहिनी, दोनच द्या. हिच्यापुरते.' आई नाही म्हणाली.

धाकटी: आपली आई?

थोरली: तोंड फिरवून बसली. काकू उंबऱ्यावरूनच वळली. पोर त्याच आठवड्यात गेलं. मग आईचं खाण्यातलं लक्ष गेलं. मदतीची पातळ पेज मिळायची, ते वाडगं माझ्यापुढे सरकवायची. 'माझं झालंय' म्हणायची. लावणी मात्र तिनं स्वतः केली, मातीत बसून, सरकत सरकत. पीक काही पाहिलं नाही तिनं.

धाकटी: आलं पीक?

थोरली: आलं. पानावर डाग नाही. पण आळीत बियाणं कुणाकडेच उरलं नव्हतं, त्यामुळे पिकलं ते आपलंच. पहिली टोपली मी काकूकडे नेली. वाटलं, तोंडावर फेकेल.

धाकटी: मग?

थोरली: तिनं टोपली ओढून घेतली. निम्मे बियाण्याला बाजूला काढले. मग म्हणाली, 'मी तरी कुठे दिले असते?'

धाकटी: ताई, तू चल माझ्याबरोबर. मालकीणबाई चांगल्या आहेत, मला वेगळी खोली दिलीय. इथं एकटी कुणासाठी राहतेस?

थोरली: जरा हळू बोल. काकू आत झोपलीय.