तिसऱ्या मजल्यावरची चेटकीण

...नाही, म्हणजे अर्धं वाक्य कानावर टाकायचं आणि मशीन चालू करायचं, ही काय रीत झाली हो? तळमजल्यावरच्या शिंपीणबाई गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "त्या पोरीनं पुस्तक लिहिलंय ना, त्यातली चेटकीण म्हणजे आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या..." आणि खडखडखडखड. मी जिन्यात, हातात पिशवी, एक पाय वर, एक खाली. मला काय करायचंय म्हणा, पण तिसऱ्या मजल्यावर दारं दोनच. एक त्या पोरीचं आणि तिच्या आईचं, दुसरं माझं.

तुम्हाला सांगते, ती पोर सहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की माझ्याकडे. आई नर्स, ड्यूटीवरून यायला दिवेलागण व्हायची. तोवर गृहपाठ माझ्या ओट्यापाशी आणि गोष्टी माझ्या तोंडच्या. आता मी सातवी पास, गोष्टीची सुरुवात पाठ, शेवट आठवेल तर शपथ. मग द्यायची ठोकून. काचेचे बूट घालून नाचली, पायाला फोड आले, राजपुत्राला म्हणाली, लग्नाचं नंतर बघू, आधी मलम आण. पोर खिदळायची. आणि तिनं मला चेटकीण करावं?

मला काय करायचंय म्हणा, पण पुस्तक आणलं. चारशे पानं, बोट ठेवून ठेवून वाचली. आमच्या ह्यांनी तीन दिवस करपलेली भाजी खाल्ली, हूं नाही की चूं नाही. आणि बघते तर काय, फोड, मलम, सगळं माझंच. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या उठून आधी दात घासते, तेही माझंच. पाठीमागे छापलंय, 'परीकथांकडे पाहण्याची नवी दृष्टी'. कसली दृष्टी, विसरभोळेपणा तो माझा. आणि चेटकीण? राजकन्येला सारखे हात धुवायला लावते, जरा शिंकली की मनोऱ्यात कोंडते. आता हात मीही धुवायला लावायचे की.

गेले तडक. "चेटकीण मी का गं?" आवाज जरा फाटलाच.

"तुम्ही कसल्या चेटकीण, मावशी? तुम्ही आरसा. न विचारता सगळं सांगणारा." घ्या. मग दार लोटून हळूच म्हणते, "चेटकीण आई आहे. शेवटी चांगली होते ती, पण आई अजून निम्म्यावरच आहे. आत्ता कळलं तर मिटून ठेवेल पुस्तक, पुढचं वाचायचीच नाही. तोवर तोंड उघडू नका."

म्हणजे शिंपीणबाईंचं निम्मं खरं. मजला बरोबर, दार चुकलं.

आता नर्सबाई रोज जिन्यात गाठतात. "काय हो, ती चेटकीण कुणासारखी वाटते तुम्हाला?" मला काय करायचंय म्हणा. मी ओठ मिटून मान हलवते, निम्मी होय, निम्मी नाही, आणि दार लावून इथे तुमच्यापाशी बोलते. कुठेतरी बोलायला नको?

बाई दिवसाला दोन पानं वाचतात. अजून दोनशे राहिलीत.